नजर फिरवणारं बाळ: नाशिकमधल्या एका घराचं प्रकरण

(कुटुंबाची संमती घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कोण आलं, कशासाठी

सप्टेंबरच्या मध्यावर सिडकोतलं एक कुटुंब माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. आई एकतीस वर्षांची, सातपूरच्या एका लहान कारखान्यात हिशेब बघणारी. बाबा अंबडला पाळीत कामाला. आजी, म्हणजे बाबांच्या आई, मूळच्या निफाड तालुक्यातल्या. आणि सव्वाआठ महिन्यांची मुलगी. घरात तिला छकुली म्हणतात, इथेही तेच म्हणते.

नेमकी तक्रार कोणाची, हे कळायलाच वेळ लागला. बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: आईकडे बघत नाही, आईने घेतलं की रडते, स्वमग्नता (ऑटिझम) तर नाही ना ते पाहावं. बाबांची काळजी व्यवहाराची होती. गावी चार एकर द्राक्षबाग, आजोबा एकटे. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलेली. मजुरांचा चहा-स्वयंपाक, छाटणीमागून डोळे फुटायला लावायची पेस्ट, मग फेल म्हणजे नको असलेल्या फुटी काढणं, हे सगळं आजींशिवाय होत नाही. आजी गेल्या की मुलगी कशी राहणार? आजींना तर यात तक्रारीसारखं काही दिसतच नव्हतं. "मोठी झाली की कळतंय तिला आई कोण ते. लेकराला काय समजतंय आत्ता?"

आई बहुतेक वेळ गप्प होती. निघायच्या वेळी म्हणाली, "हिला मी नकोच आहे, मॅडम. आणि खरं सांगू? मलाही ती माझी वाटत नाही."

हे वाक्य आजींच्या समोर निघालं. पुढच्या काही गोष्टी त्यामुळे सोप्या झाल्या आणि काही अवघड.

जन्मापासूनची हकीकत

छकुलीचा जन्म जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला, तिसाव्या आठवड्यात. आईचा रक्तदाब एकाएकी इतका वाढला की सिझेरियनशिवाय मार्ग उरला नाही. बाळाचं वजन ११८० ग्रॅम. बाळ नवजात अतिदक्षता विभागात, आई त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, तीही अतिदक्षतेत. आईने मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते चौथ्या दिवशी, चाकाच्या खुर्चीतून, काचेच्या पेटीबाहेरून. पाचवी पुजायची राहिली, बारसंही पुढे ढकललं.

त्या खासगी रुग्णालयात आईला आत जायला दिवसातून दोनदा थोडा थोडा वेळ मिळे. बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं, म्हणजे कांगारू पद्धतीने सांभाळायचं, ते शेवटच्या आठवड्यात सुरू झालं. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तीही पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. मूल स्थिरावलं की मग छातीवर द्यायचं, हा तिचा जुना शिरस्ता. २०२१ मध्ये पाच देशांतल्या मोठ्या चाचणीने तो उलटा केला. त्या पाचांत भारतही होता, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच छातीवर घेणं सुरू केलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली: जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास. शिफारस कागदावर आली म्हणून विभागाच्या दारावरची पाटी बदलत नाही. आईला 'इन्फेक्शन आणणारी पाहुणी' समजायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी मुरलेली आहे. माझं मत विचाराल, तर आईला भेटायची वेळ ठरवून देणं हीच मुळात चमत्कारिक कल्पना आहे.

दीड महिन्याने मुलगी घरी आली, १८५० ग्रॅमची. आईचं दूध तोवर आटत चाललेलं. पंपाने काढून काढून जेमतेम वाटीचा तळ झाकला जाई. बाळाची ओढ कमी, म्हणून बोंडल्याने पाजायचं. आईला ते जमेना. बाळाला ठसका लागला की तिचे हात थरथरायचे. आजींनी बोंडलं हातात घेतलं आणि त्या दिवसापासून ते त्यांच्याच हातात राहिलं. मालिश आजी, अंघोळ आजी. थंडीचे दिवस, बाळ इवलंसं, म्हणून आजींनी तिला रात्र रात्र आपल्या छातीवर, पदराखाली घेऊन काढली. कांगारू पद्धत हे नाव त्यांच्या कानावर नव्हतं, पण केलं त्यांनी तेच.

जुलैत आईची रजा संपली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण अडीच महिने आधी जन्मलेल्या मुलाचे हे २६ आठवडे अडीच महिने आधीच सुरू होतात. आई कामावर परतली तेव्हा छकुली कागदावर सहा महिन्यांची आणि वाढीच्या हिशेबाने साडेतीन-चार महिन्यांची होती. अकाली प्रसूतीमुळे आईला स्वतःला आजारपण आलं, तर आणखी एक महिन्यापर्यंत रजा देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. घरात कोणाला ती माहीत नव्हती. कारखान्यातही कोणी सांगितली नाही.

आधी डोळे आणि कान

स्वमग्नतेचा प्रश्न मी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांचं होईपर्यंत मुदतीपासून, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं. त्या हिशेबाने ही मुलगी सहा महिन्यांची. या वयात तो शिक्का कोणी मारू नये. पण नजर टाळणाऱ्या बाळाचे डोळे आणि कान तपासले आहेत का, हे विचारायलाच हवं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत झाली होती, कागद होते. कानांची राहून गेली होती. घरी जायच्या घाईत ते पान कोणी उलटलंच नसावं. ती करून घेतली, ठीक निघाली.

आता उरलं ते दोन माणसांमध्ये काय घडतंय ते बघणं.

सतरंजीवरची सात मिनिटं

मी सतरंजी घातली, चार खेळणी ठेवली आणि आईला म्हणाले, "ताई, घरी खेळता तसं खेळा." संमतीने फोनवर चित्रण केलं. आजी भिंतीशी खुर्चीत.

आईने मुलीला उताणं झोपवलं आणि चेहरा अगदी वीतभर अंतरावर आणला. "छकू, इकडे बघ. मम्माकडे बघ ना." खुळखुळा वाजवला. मुलीने दोन-तीन सेकंद आईकडे बघितलं. मग मान उजवीकडे वळली, हाताची बोटं फाकली, एक जांभई, एक उचकी. आई लगेच उजवीकडे सरकली आणि खुळखुळा आणखी जवळ नेला. मुलगी डावीकडे वळली. आई डावीकडे. आवाज चढत गेला, "बघ की गं!" मुलीने पाठीची कमान केली, चेहरा लाल झाला, रडू फुटायच्या बेतात आलं.

"दे इकडे," आजी म्हणाल्या. म्हणेपर्यंत मुलगी त्यांच्या खांद्यावर होतीही. आजी काही बोलल्या नाहीत, खुळखुळा नाही, काही नाही. नुसत्या उभ्या राहून डुलत राहिल्या. अर्ध्या मिनिटात मुलगी शांत. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून सतरंजीकडे बघत बसली.

आईला यातून निघणारा अर्थ एकच: आजी हव्यात, मी नको. पण मुदतीआधी जन्मलेली बाळं नजर फिरवतात ती बहुधा वैतागून नाही, थकून. आवाज, चेहरा, हालचाल, स्पर्श सगळं एकदम आलं की त्यांच्या अपुऱ्या तयार झालेल्या मज्जासंस्थेला ते झेपत नाही. मुदतीवर जन्मलेलं बाळही अधूनमधून तोंड फिरवून श्वास घेतं. ही बाळं लवकर आणि जास्त वेळा घेतात. जांभई, उचकी, फाकलेली बोटं, ताणलेली पाठ, या सगळ्याचा अर्थ 'जरा थांबा' एवढाच. आजी थांबत होत्या. त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. त्यांना घाई नव्हती, आणि त्यांना मुलीकडून काही सिद्ध करून घ्यायचं नव्हतं. आईला मात्र प्रत्येक नजरेतून 'मी तिची आई आहे' याचा पुरावा हवा होता. पुरावा मागणारा चेहरा वीतभर अंतरावर आला की सहा महिन्यांचं बाळ दुसरं काय करणार?

माणसाचं बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस यांचे सूर सतत जुळलेले असतात, अशी एक गोड समजूत आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळांच्या खेळाची चित्रणं बारकाईने तपासली. छान चाललेल्या जोड्यांतसुद्धा दोघं एकमेकांशी जुळलेली असतात ती साधारण एक तृतीयांश वेळ. उरलेला वेळ चुकामूक आणि चुकामुकीतून पुन्हा जुळणं. बाळ तोंड फिरवतं, आई गप्प बसते, बाळ परत वळतं, आई हसते. हजारो वेळा. 'हे माणूस हरवलं तरी परत सापडतं' ही खात्री त्या परत जुळण्यातून तयार होते. ट्रॉनिक यांचाच १९७० च्या दशकातला निश्चल चेहऱ्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. आईने दोनेक मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवला, की बाळ आधी हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला परत आणायचा प्रयत्न करतं. जमलं नाही की कोसळतं. तान्हं मूलही या व्यवहारात कामाचा वाटा उचलतं, हे त्यातून दिसलं.

या घरात चुकामूक होत होती, तशी ती सगळ्याच घरांत होते. इथे पुन्हा जुळण्याची वेळ यायच्या आत मूल उचललं जात होतं.

हे माझं म्हणणं आईला पटण्याचं काही कारण नव्हतं. म्हणून पुढच्या भेटीत तिला एकटीला बोलावून चित्रण दाखवलं, हळू गतीने. पहिल्यांदा मान वळली, तिथून पुढे. चार सेकंदांनी मुलीची मान आपोआप परत येते, डोळे आईचा चेहरा जिथे होता तिथे जातात. चेहरा तिथे नसतो, तो दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. आणि तिसऱ्यांदा, आजींच्या खांद्यावर शांत झाल्यावर, मुलगी आजींच्या खांद्यावरून आईकडे बघते. बराच वेळ बघते. आई त्या वेळी सतरंजीकडे बघत असते.

आईने तो तुकडा स्वतः मागे नेऊन परत लावला. मग पुन्हा. "ही माझ्याकडे बघतीये," ती म्हणाली. मी काही जोडलं नाही.

आईचं मन

पण नुसत्या चित्रणाने भागणारं हे प्रकरण नव्हतं. आईला झोप नव्हती, मुलगी आजींजवळ गाढ झोपलेली असतानाही. जेवण नावापुरतं. कारखान्यात बेरजा चुकायला लागल्या होत्या. एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची साधी यादी, मागच्या सात दिवसांविषयीची. तिच्यात ३० पैकी १७ गुण आले. बारा-तेराच्या वर गेलं की नीट तपासणी करावी असा संकेत आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे तिने 'क्वचित' वर खूण केली होती. मी तिला सरळ विचारलं. काय विचार, कधी, काही ठरवलंय का. ठरवलेलं काही नव्हतं. 'मी नसले तरी हिचं काही अडणार नाही' असं मनात येई. त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं, आणि बाबांना समोर बसवून काय बघायचं, कधी फोन करायचा ते सांगितलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवला गेला.

बाबा म्हणाले, "मला वाटलं थकली आहे." थकली होतीच. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये निघाला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के आलं, म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. आपल्याकडे बाळंतिणीला डिंक-अळिवाचे लाडू मिळतात, शेक मिळतो, सव्वा महिना मिळतो. 'कसं वाटतंय गं तुला?' हा प्रश्न मिळेलच असं नाही. आणि मूल पेटीत असलं की सव्वा महिन्याचा थाटही मोडतो. ही बाई सातव्या दिवसापासून टाके घेऊन रिक्षाने रुग्णालयाच्या चकरा मारत होती.

तिच्या डोक्यात आणखी एक काटा होता. फोनवर तिने कुठेतरी ऐकलं होतं, की जन्मानंतरचा पहिला तास 'सोनेरी', त्यात आई-बाळाचं नातं जुळतं. तो गेला की गेला. तिने तो तास भुलीत काढला होता. या कल्पनेचा उगम शोधायचा तर १९७२ पर्यंत जावं लागतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल यांनी २८ आयांचा एक छोटा अभ्यास केला. ज्यांना सुरुवातीच्या दिवसांत बाळाजवळ जास्त वेळ मिळाला, त्या नंतरही बाळाशी जास्त लगटून वागताना दिसल्या. या कामामुळे प्रसूतिगृहांची दारं आयांसाठी उघडली, हे त्याचं मोठं पुण्य. पण पहिल्या तासांतच जे काय व्हायचं ते होतं, हा अर्थ पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. बदकाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर जे हलतं दिसेल त्याच्या मागे चालायला लागतं. माणसाचं पिल्लू एवढं घाईचं नसतं. पहिला तास स्तनपानासाठी आणि बाळाची ऊब टिकवण्यासाठी मोलाचा आहे, म्हणून तो द्यावा. नातं जुळायला महिने असतात.

तिला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही, चिडली. "मग हे कोणी आधी का नाही सांगितलं?" तिच्या रागात मला पहिल्यांदा थोडी ताकद दिसली.

आजी

सगळ्यात नाजूक बोलणं आजींशी होतं. मला ते टाळता आलं नसतं आणि टाळायचंही नव्हतं. अशा प्रकरणात समुपदेशकाला एक सोपा मोह होतो: आजीला दोष द्यायचा, मुलीला आजीपासून थोडं तोडायचं आणि आईच्या पदरात टाकायचं. नातेवाईकांचाही सूर तोच होता, "आजीने लळा लावला, म्हणून पोर आईला परकी झाली."

आजींनी थेट विचारलं, "म्हणजे माझं चुकलं का बाई? पावणेदोन किलोचं पोर होतं. माझ्या छातीवर झोपून वाढलंय ते."

चुकलं नव्हतं. इतके महिने त्या घरात मुलीच्या हाकेला नियमाने ओ देणारं माणूस त्या एकट्याच होत्या, आणि आज मुलीला कोणाजवळ तरी निवांत होता येतं ते त्यांच्यामुळे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर, बाळ माणसाशी कसं बांधलं जातं या विषयाचा पाया घातला. त्यांचा भर एका मुख्य व्यक्तीवर होता, आणि वाचणाऱ्यांनी ती व्यक्ती म्हणजे आईच असं ठरवून टाकलं. बोल्बींना स्वतःला लहानपणी आईपेक्षा दाईनेच जास्त सांभाळलं. ते चार वर्षांचे होत आले तेव्हा ती दाई घर सोडून गेली, आणि ते दुःख त्यांच्या मनातून गेलं नाही. एका आजीच्या गावी जाण्याची चर्चा करताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

१९६४ मध्ये शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरावीक माणसासाठी रडणं साधारण सात महिन्यांच्या सुमारास सुरू होतं, आणि दीड वर्षाचं होईपर्यंत फक्त एकाच माणसाशी बांधलेली मुलं जेमतेम १३ टक्के उरतात. बाकीच्यांची दोन, तीन, कधी पाच माणसं. त्यांच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: बाळ ज्याच्याजवळ सर्वांत जास्त तास असतं त्याच्याशीच बांधलं जातं असं नाही, जो त्याच्या खुणांना उत्तर देतो त्याच्याशी बांधलं जातं. सातपूरहून संध्याकाळी साडेसहाला घरी येणाऱ्या आईसाठी ही बातमी चांगली होती.

आजींना मी आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, "आजी, फुगडीत तोल जातो की नाही? हात घट्ट धरून दोघी पुन्हा सावरतात. तोल गेला रे गेला की तिसरीने एकीला ओढून घेतलं तर?" आजी हसल्या. "मग कसली फुगडी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण पोर रडायला लागलं की माझ्या पोटात तुटतं त्याचं काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच ठरलं, की कुरकुर असेल तोवर आजींनी गॅलरीत जायचं. जोराचं रडू असेल तर यायचं, पण मुलीला आईच्या हातातून घ्यायचं नाही, आईच्या शेजारी बसायचं. रडू द्या, सवय होईल, असलं काही मी सांगितलं नाही. या वयाच्या बाळाला एकटं रडत ठेवून कुठलीही चांगली सवय लागत नाही.

काय केलं

आईसाठी सूचना एकच होती आणि ती तिला सर्वांत कठीण गेली: मुलीने तोंड फिरवलं की काही करायचं नाही. चेहरा हातभर अंतरावर, खुळखुळा खाली, तोंड बंद. ती परत वळली की मग बोलायचं. पहिल्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलं, "गप्प बसलं की वाटतं मी काहीच करत नाहीये." दुसऱ्या आठवड्यात तिने घरीच केलेलं चित्रण पाठवलं. त्यात मुलगी सहा वेळा वळते आणि सहा वेळा परत येते.

संध्याकाळची मालिश आणि रात्रीचं झोपवणं आईकडे आलं. सकाळची अंघोळ आजींकडेच ठेवली. सगळंच काढून घेतलं असतं तर घर उलटलं असतं. रात्री मुलगी उठली की आधी आई जायची. त्यातल्या काही रात्री फार वाईट गेल्या. बाबांनी पाळी बदलून घेतली आणि आईच्या झोपेचे सलग पाच तास सांभाळले. औषधाइतकाच त्याचा उपयोग झाला असं माझं मत आहे, मनोविकारतज्ज्ञ कदाचित मान्य करणार नाहीत.

काही जण विचारतात, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची ती प्रसिद्ध चाचणी का नाही केली? अनोळखी खोलीत आईने दोनदा बाहेर जायचं आणि ती परत आल्यावर मूल काय करतं ते बघायचं. ती साधारण एक ते दीड वर्षाच्या मुलांसाठी आहे, आणि मुळात संशोधनाचं साधन आहे. एका घराला 'सुरक्षित', 'असुरक्षित' अशी चिठ्ठी लावायला ती वापरणं मला पटत नाही. एन्सवर्थ यांचं त्याआधीचं काम मला जास्त जवळचं वाटतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर युगांडातल्या खेड्यांत त्यांनी २६ कुटुंबांच्या घरी वारंवार जाऊन, बसून, बघून नोंदी केल्या. तिथेही मुलं एका माणसाच्या हातात वाढत नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोवर-रुबेलाच्या लसीची वेळ आली. लसी खऱ्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, तिथे मुदतीचा हिशेब लागत नाही. या वेळी मुलगी आईच्या मांडीवर होती. सुई टोचली तसं तिने किंचाळून दाराशी उभ्या असलेल्या आजींकडे हात केले. आजींनी, त्यांच्याच शब्दांत, "हात पाठीमागे बांधून घेतले". आई उठून डुलत उभी राहिली, आजी करतात तशी, काही न बोलता. मिनिटभराने मुलीचं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं.

छाटणी

आजींच्या जाण्याचं वेळापत्रक हा सर्वांत जास्त भांडणाचा विषय झाला. घरातला ठराव होता की मुलगी झोपलेली असताना आजींनी गुपचूप निघायचं, "नाहीतर रडून गोंधळ घालेल". हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि मला ते अजिबात मान्य नाही. झोपेतून उठल्यावर माणूस नाहीसं झालेलं असेल, तर मूल पुढे झोपायलाच घाबरतं आणि उरलेल्यांना घट्ट चिकटतं. रडेल तर रडू दे, पण आजी जाताना तिला दिसू देत, आणि ती रडेल तेव्हा तिला धरणारं माणूस समोर असू दे.

आजी आधी एका दिवसासाठी निफाडला जाऊन आल्या, मग एक रात्र राहून. दर वेळी दारात उभं राहून "येते गं छकू" म्हणून. दिवसभर सांभाळायला शेजारच्या एक मावशी ठरल्या. आजी असतानाच त्या दहा-बारा दिवस येत राहिल्या, म्हणजे एक माणूस जाऊन दुसरं एकदम अवतरलं असं झालं नाही. आजींनी एक वापरलेलं, न धुतलेलं सुती लुगडं मागे ठेवलं. त्याची कल्पना माझी नव्हती, आजींचीच.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. मुलगी मुदतीच्या हिशेबाने सात महिन्यांची, म्हणजे माणसं ओळखून रडण्याच्या ऐन वयात. पहिला आठवडा कठीण गेला. खाणं अर्ध्यावर आलं, रात्री तीन-चारदा उठायची, गॅलरीच्या दाराकडे बघून आवाज काढायची. आईने एका रात्री दीड वाजता निरोप लिहिला: "रडते आहे. पण रडत माझ्याकडेच येते आहे."

पुढचे महिने

संक्रांतीला आजी चार दिवस आल्या. मुलगी पहिली दहा मिनिटं आईच्या कडेवरून उतरलीच नाही, आजींकडे निरखून बघत राहिली. मग एकदम झेपावली. ती दहा मिनिटं आजींना लागली. त्या तसं बोलल्याही. आईने ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं नाही, हे मला बाबांकडून कळलं.

मार्चमध्ये, मुदतीच्या हिशेबाने वर्षाची झाली तेव्हा, छकुली रांगत माझ्या खोलीभर फिरली. नवीन खेळण्यापाशी गेली की थांबून आईकडे वळून बघायची, आईने मान हलवली की पुढे हात घालायची. मी मुद्दाम टेबलावरून एक डबा पाडला. ती दचकून आईकडे गेली, गुडघ्याला धरून उभी राहिली, जरा वेळाने परत खेळण्याकडे वळली. एडिंबराचे गुण सहावर आले होते. औषध चालू आहे. ते कधी आणि कसं कमी करायचं ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. दूध आटल्याची आईची बोच तशीच आहे आणि शेजारच्या एखाद्या बाळंतिणीला पाजताना पाहिलं की ती दिवसभर गप्प होते. दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघतो आणि तसाच मिटवला जातो. रक्तदाबाची भीती पाहता तो आधी प्रसूतितज्ज्ञांसमोर निघायला हवा, असं मी दोघांना सांगितलं आहे.

सध्याचा वाद एप्रिलच्या खरड छाटणीचा आहे. आजींचं म्हणणं, उन्हाळाभर मुलगी गावी राहू दे, मळ्यात हवा चांगली, आणि मलाही बरं. आईने पहिल्यांदाच स्पष्ट नाही म्हटलं. दोन महिने सलग नाही. आजी दुखावल्या, बाबा मधे सापडले, आणि तिघंही माझ्याकडे आले. बोलून असं ठरलं, की शनिवारी आई-बाबा मुलीला घेऊन गावी जातील आणि रविवारी रात्री परत येतील. मे महिन्यात आईला रजा मिळाली तर दोघी आठवडाभर राहतील. आजींनी मान्य केलं, पण अट घातली: गावी असताना सकाळची अंघोळ त्यांच्याकडे.